चिमा दाईची झोप

बाळराजांच्या पाळण्याशेजारी चिमा दाईचा डोळा लागला आणि नेमकं ते राणीसाहेबांनी पाहिलं. गोष्ट दरबारात गेली, तेव्हा राजपंडित विश्वंभरशास्त्री गरजले, "झोपलेल्या माणसाला जाणीव कसली? हिला काढून टाका!"

"बाळ नुसतं कुसमुसलं तरी मी जागी होते, महाराज," चिमा कळवळून म्हणाली.

महाराजांनी निकाल दुपारवर ठेवला. दुपारी जेवण अंगावर आलेले शास्त्रीबुवा भर दरबारात घोरू लागले. बाहेर नगारा झडला, तरी ते ढिम्म हलेनात. तेव्हा चिमा पुढे झाली आणि हळूच पुटपुटली, "राजपंडितपद दुसऱ्याला दिलं म्हणे."

"कोणाला?" शास्त्रीबुवा ताडकन उठून बसले.

"सांगते की! पण बुवा, आधी मला सांगा, तुमच्या झोपेत हे ऐकलं कोणी?"

महाराजांना हसू आवरेना. राणीसाहेबांनी आपल्या मांडीवरचं बाळ उचलून चिमाच्या हाती दिलं.