मुरवण्याचा भरतीखालचा झरा

मुरवण्याच्या किनाऱ्यावर दोन पाणवठे आहेत. एक टेकाडावर, फिरंग्यांच्या पडक्या कोटाच्या आत, चिरेबंदी, रुंद आणि ठणठणीत कोरडा. दुसरा चक्क समुद्रात. ओहोटी पुरती लागली की काळ्या खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाच्या, पायथ्याशी वाळूतून मनगटाएवढी धार उसळते. चहूकडे खारं पाणी आणि ही मात्र गोड. चार-पाच तास ती दिसते. मग भरती येते आणि झरा समुद्राखाली जातो.

हे असं का, ते ऐकायचं तर भिकाजी मेथरांना गाठावं. वय ऐंशीच्या पुढचं, रापणीची जाळी ओढून खांदे वाकलेले, पण पाहुणा दिसला की त्यांची पावलं अशी पडतात की तरण्याताठ्यांना धाप लागावी. ते काही न विचारता आधी आपल्या हातात झऱ्याच्या पाण्याचा तांब्या देतात, आणि मग सांगू लागतात.

म्हणे, त्या काळी टेकाडावर कोट नव्हता. नुसती विहीर होती, आणि साऱ्या गावाची तहान तिच्यावर भागायची. विहिरीची राखण चांगुणा नावाच्या गाबतिणीच्या, म्हणजे मासेमार बाईच्या, घराकडे होती. नवरा वादळात गेलेला, मुलगा तारवावर, लांब देशी जाऊन वर्षातून एकदा घरी येणारा, घरात सून गोमी. मुरवण्याची एक रीत होती. समुद्रावरून जो कोणी उतरेल त्याला आधी पाणी द्यायचं आणि भांडं रिकामं होईपर्यंत त्याला नाव-गाव विचारायचं नाही. तहानलेल्याला प्रश्न करणं हे त्या लोकांना पाप वाटे.

एके दिवशी कोणी कधी पाहिलं नव्हतं एवढं उंच गलबत खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं. फिरंगी उतरले. पृथ्वीच्या पार पलीकडच्या टोकाहून आलेली माणसं ती, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. गाव माडांच्या आड दडलं. चांगुणा मात्र कळशी घेऊन खाली गेली आणि तिनं एकेकाच्या ओंजळीत पाणी घातलं. पिता पिता त्यांतले काही रडले, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिशाचा गोळा दोरीला बांधून खाडीची खोली मोजली आणि कागदावर उतरवली. पुढल्या वर्षी पाच गलबतं आली. विहिरीभोवती कोट उठला, दारावर बंदूकवाले बसले. दिवसभर वेठीला चिरे वाहील त्याला एक घागर मिळे. आपल्याच समुद्रात होडी घालायला त्यांचा परवाना लागू लागला. बाकीचं गाव दोन कोसांवरच्या डबक्यावर जाऊ लागलं, आणि त्या वर्षी गढूळ पाण्यानं सात लेकरं गेली.

"आधी इचारूक होया हुता, मगे पाणी," म्हातारे चांगुणेला म्हणाले. ग्रामदेवी सातेरीच्या देवळात गाव बसलं आणि ठरलं, यापुढे परक्याला थेंब द्यायचा नाही. चांगुणा मान खाली घालून ऐकत होती. त्यांचं खरं आहे, असं तिलाही वाटत होतं. त्या सात लेकरांची आठवण आली की तिला आपल्याच हातांची किळस यायची.

चैत्रात गोमी बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी घरात अर्धी कळशी पाणी उरलं होतं, तेवढंच. भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, एका फिरंगी गलबतानं पडाव, म्हणजे आपली लहान होडी, पाण्यात सोडला आणि एका माणसाला वाळूवर टाकून पडाव परत गेला. हिरड्या सुजलेल्या, पाय फुगलेले. तो रांगत कोटाच्या दारापर्यंत गेला. रोग आत येईल म्हणून त्याच्याच माणसांनी दार उघडलं नाही. तो तसाच रांगत खाली आला आणि खडपाशी पडला.

चांगुणा दारातून बघत होती. बरी जिरली, असं तिला वाटलं. मेथर हे लपवत नाहीत. पण मग त्या माणसानं ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं, आणि चांगुणेला ते बघवेना. तिनं आत पाहिलं. बाळाला पदराखाली घेतलेली गोमी उठून बसली होती. तिलाही खिडकीतून सगळं दिसलं होतं.

"तेका दी गे आये," गोमी म्हणाली. तिच्या मनात तारवावरचा नवरा होता. "तुज्या झिलाक पण खंयतरी कोणतरी देतलोच."

चांगुणा कळशी घेऊन निघाली. माडांतून लोक ओरडले, "चांगुणे, देवळात ठरलेला इसारलंस?"

"नाय इसारलंय. पण तो दर्यावरसून इलो हा."

ती खडपाशी बसली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं घोटघोट पाणी पाजलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तोवर एक शब्द बोलली नाही. मग रिकामी कळशी वाळूत ठेवून तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "गाव खंयचा तुजा?"

त्याला काय कळणार? त्यानं नुसते हात जोडले. आणि त्याच क्षणी, असं सांगतात, वाळूत ठेवलेली कळशी आपसूक हलली, कलंडली, आणि तिच्या बुडाखालून धार उसळली. चांगुणेनं बोट बुडवून जिभेला लावलं. गोड! ती तिथंच हमसून हमसून रडली. मग कळशी भरून धावत सुटली ती थेट गोमीपाशी.

फिरंग्यांनी त्या झऱ्यालाही भिंत घालायचा प्रयत्न केला. दर ओहोटीला चिरे रचावे आणि दर भरतीला समुद्रानं ते उचलून न्यावे. दिवसातून दोनदा समुद्र स्वतः ज्याच्या राखणीला येतो त्याला कोण कोंडणार? पुढे कोटातली विहीर आटली आणि फिरंगी कोट टाकून गेले. तो आजारी माणूस त्याच संध्याकाळी दगावला, असं काही म्हणतात. मेथर म्हणतात, तो जगला आणि मरेपर्यंत इथं जाळी विणत राहिला. खडपावर लाटांनी झिजलेला एक क्रूस आहे, तो ते बोटानं चाचपून दाखवतात.

गाव पुन्हा देवळात बसलं आणि जुनी रीत परत आली. आजही मुरवण्यात पाहुण्याआधी कोणी त्या झऱ्याचं पाणी पीत नाही. मध्यंतरी फिरंग्यांच्या देशातली दोन माणसं कोट बघायला आली होती. त्यांच्याही हातात आधी तांब्याच दिला गेला.

गोष्ट संपली की भिकाजी मेथर तांब्या परत मागतात आणि आत डोकावून बघतात. तळाशी घोटभर पाणी दिसलं तर तांब्या पुन्हा आपल्या हातात देतात. तो रिकामा झाला, की मगच विचारतात, "हां, आता सांगा. गाव खंयचा तुमचा?"