हातगुण

एका गावात एक सुईण होती. सकाळी उठून तिचं तोंड बघू नये, असं गाव म्हणायचं. का, तर तिची स्वतःची तीन लेकरं जन्मतःच गेली होती. जखमेवर मीठ चोळायला गावाला काय लागतं!

पहिलं लेकरू पायाळू होतं. पायाकडून आलं आणि अडकून गुदमरलं. काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरी बाई असती तर जन्मभर कपाळाला हात लावून बसली असती. हिने पोटभर रडून घेतलं आणि डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या सुइणींचे पाय धरले. त्यांची धुणी धुतली, बोलणी खाल्ली, पण शिकली. पुढे आणखी दोन लेकरं गेली, तरी तिने शिकणं सोडलं नाही. गोरगरीब तिला बोलवायचे. त्यांना शकुन-अपशकुन परवडत नव्हता.

गावात दुसरीही एक सुईण होती. तिची सातही लेकरं धडधाकट, म्हणून तिचा हातगुण चांगला! साडीचोळी तिला, मानपान तिला. अवघड बाळंतपण मात्र बिचारीने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

एकदा सकाळी पाटलाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पाटलीणबाईंनी सात लेकरांच्या आईला बोलावलं. दुपार झाली तरी सून सुटेना. मग बाळाचा पाय दिसला आणि ती सुईण उठून बाहेर आली.

"बाई, मला हे जमायचं नाही. तिला बोलवा, उशीर करू नका."

"त्या पांढऱ्या पायाचीला? माझ्या उंबऱ्याच्या आत?" पाटलीणबाई कडाडल्या. "अगं, माझा नातू यायचाय!"

आतून सून सासूला विनवत होती, "आत्याबाई, बोलवा हो तिला! मी मरतेय!"

पाटलीणबाई देवापुढे जाऊन बसल्या. नवस बोलल्या, अंगारा लावला. ऊन कललं, सुनेचा आवाज बसला, तेव्हा कुठे त्यांनी गड्याला पिटाळलं.

ती आली. हात धुऊन थेट आत गेली आणि तिने सुनेला सोडवलं. सून वाचली. बाळ मात्र निळं पडलं होतं. मुलगाच होता.

पाटलीणबाईंनी तिला विचारलं, "दुपारीच बोलावलं असतं तर?"

"तर आत्ता तुम्ही पेढे वाटत असता."

पाटलीणबाईंनी कपाळ बडवून घेतलं. रडता रडता तिच्यावरच ओरडल्या, "मेले, एवढा हातगुण होता तुझ्यात, तर कधी बोलली का नाहीस?"

सुइणीने बाळाला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं.

"तीन लेकरं पुरून कमावलाय तो, पाटलीणबाई. तुम्ही नुसती पुरलेली लेकरं मोजलीत."

तात्पर्य: सोसून आणि चिकाटीने मिळवलेलं शहाणपण हीच माणसाची खरी कमाई. ज्याला त्यात फक्त अपशकुन दिसतो, तो दारात आलेलं धन स्वतःच्या हाताने परत लोटतो.