ठिपक्यांच्या कोंबड्या आणि शाकाध्यक्ष

पूर्वी शूर्पारक बंदरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्माला आला. सुवत्स त्याचे नाव. घरामागे त्याचा लहानसा भाजीमळा होता. त्यात माठ, वांगी, चवळी आणि मांडवावर दोडका. एकदा परदेशी गलबतावरच्या एका आजारी खलाशाची त्याने महिनाभर सेवा केली. जाताना खलाशाने त्याला करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या काही कोंबड्या दिल्या. आज आपण त्यांना गिनी कोंबड्या म्हणतो. दोन वर्षांत त्या बावीस झाल्या.

या पाखरांना गोड गळा नाही. करवत चालावी तशी ती ओरडतात. पण भुंगेरे आणि नाकतोडे टिपण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. रोपे कोवळी असेपर्यंत सुवत्स त्यांना डालग्याखाली झाकून ठेवी आणि रोपे वीतभर वाढली की मळ्यात मोकळी सोडी. आपल्या कोंबड्या उकरतात तितकी ही पाखरे उकरत नाहीत. सरीतून चालतात, पानाखाली मान घालतात आणि पुढे जातात. आजूबाजूच्या मळ्यांतली वांगी किडली, त्या साली सुवत्सची टवटवीत होती.

त्या नगरात अशी रीत होती की प्रत्येक मळ्यातली पहिली टोपली राजाच्या स्वयंपाकघरात जाई. ती आधी शाकाध्यक्ष, म्हणजे भाज्यांवरचा अधिकारी, तपासून घेई. त्या वेळचा शाकाध्यक्ष खंडदेव हा एकेक पान उजेडात धरून पाहणारा माणूस होता. सुवत्सच्या माठाच्या पानांना त्याला चोचीची भोके दिसली. दोन सेवक घेऊन तो थेट मळ्यात आला.

"ही पाखरं राजाची भाजी खातात," तो म्हणाला.

"किडे खातात," सुवत्स म्हणाला. "आणि मधूनमधून पानही खातात."

सुवत्सची बायको उत्पला दाराशी उभी होती. नवऱ्याचे दुसरे वाक्य ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"शितावरून भाताची परीक्षा," खंडदेव म्हणाला. "एक पाखरू काप. पोटात नुसते किडे निघाले तर बाकीची जगतील. पान निघालं तर सगळी मारायची."

"शीत शिजलेलं असतं, आर्य. हे जिवंत आहे. मी कापणार नाही."

"आणि रोज इतके किडे मरतात, ते चालतं वाटतं तुला?"

"पाखरू भुकेपुरतं मारतं. त्याची भूक मला थांबवता येत नाही. तुम्ही मारायला सांगताय ते नुसतं बघण्यासाठी."

खंडदेव संतापला. त्याने सेवकांना एक पाखरू धरायला सांगितले. ठिपक्यांची कोंबडी भर दिवसा मोकळ्यावर हाती लागत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? ते वाफ्यावाफ्यांतून धावले आणि पाखरे उडून छपरावर जाऊन बसली. वर्षभरात चोचींनी गेली नसती इतकी भाजी त्या चार पायांखाली गेली. मोडलेली वांगी पाहून सुवत्सला फार वाईट वाटले आणि रागही आला. पण छपराकडे जाणाऱ्या वाटेतून तो हलला नाही.

"उद्या दरबारात पुरावा घेऊन ये," घाम पुसत खंडदेव म्हणाला. "नाहीतर मळा सोड आणि घरही सोड."

तो गेल्यावर उत्पला म्हणाली, "अहो, एकच तर द्यायचं आहे. एकवीस वाचतील. आपण या वयात कुठं जायचं?"

"त्या बावीसमधलं एक तुला निवडता येईल?"

उत्पलाने छपराकडे पाहिले. एकीला तिने पावसाळाभर चुलीजवळ ठेवून जगवले होते. एक तिच्या हातातूनच दाणे खाई.

"नाही येत," ती चिडून म्हणाली. "तुमच्या नादानं मलाही आता येत नाही." आणि ती आत जाऊन बोचके बांधू लागली.

सकाळी सुवत्सने पाखरे बसत त्या जांभळाखालची सगळी विष्ठा झाडून सुपात भरली आणि ते सूप केळीच्या पानाने झाकून तो दरबारात गेला. पान उचलताच लोकांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली.

"महाराज," तो म्हणाला, "पोटात काय आहे ते पाहायला पोट फाडावं लागत नाही. पोट ते रोज आपणहून दाखवतं."

राजाने हसू दाबले आणि खंडदेवाला पाहायला सांगितले. खंडदेव काडीने चिवडू लागला. भुंगेऱ्यांचे चकचकीत पंख निघाले, नाकतोड्यांचे पाय निघाले. मग पानांचे हिरवे तुकडेही निघाले. त्याने मान वर केली.

"पान निघालं, महाराज. अट ठरली होती."

"अट तुम्ही घातली होती, मी मान्य केली नव्हती," सुवत्स म्हणाला. "पान निघालं हे खरं आहे. मळा घ्या, घर घ्या. बायकोनं बोचकं बांधून ठेवलंय. पण काल एक पाखरू मागितलंत ते दिलं नाही. आज बावीस मागाल, तर तीही देणार नाही."

राजाने विचारले, "पान निघणार हे तुला ठाऊक होतं. मग हे सूप घेऊन आलास कशाला?"

"न मारताही पाहता येतं, एवढं दाखवायला आलो."

राजाने ते सूप पुन्हा केळीच्या पानाने झाकायला लावले.

"आजपासून माझ्या राज्यात नुसतं बघण्यासाठी कुणाचा जीव घ्यायचा नाही," तो म्हणाला. "मळा आणि घर याचंच राहील. आणि खंडदेवा, यापुढे माझ्या ताटात भोकं पडलेली पानं वाढायची. पाखरानं तोंड लावलं नसेल ती तू खा."

इतके सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "त्या जन्मीचा खंडदेव म्हणजे आपला आजचा भांडारी. अजूनही तो नखानं टोचल्याशिवाय फळ आत घेत नाही. महीसेन राजा म्हणजे आपल्याला हे वन देणारा गृहपती. काल तुम्ही सारे नको म्हणत असताना जी भिक्षुणी आजारी कुत्र्याला आत घेऊन आली, ती तेव्हाची उत्पला. आणि तो माळी मीच होतो. घर जाणार हे डोळ्यांसमोर दिसत असतानाही जो निश्चय ढळत नाही, त्याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."