पाच निळे अंगरखे

“आणि त्यानं नाहीच फासली तर?” शान्यूने विचारले.

म्हातारी चुलीत वाळलेले शेण सरकवत होती. तिने वर पाहिले नाही.

“काय फासायचं?”

“काजळी. तोंडाला. माय, तुला सगळं ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

ही गोष्ट फार जुनी आहे. उत्तरेकडच्या गवताळ मैदानांवर श्योंग्नू नावाचे घोडेस्वार लोक राहत. त्यांना शहरे नव्हती, भिंती नव्हत्या. गवत संपले की ते तंबू गुंडाळत आणि पुढे जात. त्यांच्या राजाला शान्यू म्हणत.

या शान्यूचे नाव इल्चिक. म्हातारीचे नाव नारगा. तो लहान असताना आभाळ बघून वारा कसा ओळखावा, हे तिने त्याला शिकवले होते. आता तिच्यासमोर तो खाली बसू शकत होता. दुसऱ्या कोणासमोर तो बसत नसे.

“माझ्या वडिलांनी नियम केला,” शान्यू म्हणाला. “दक्षिणेच्या सम्राटाचा माणूस आमच्या तंबूत येणार असेल, तर त्यानं आधी तोंड काळं करायचं. मगच आत यायचं.”

“तो तुझ्या वडिलांचा नियम. तुझा सांग.”



“माझा… सगळ्यांसाठी आहे. आपल्या माणसांनाही.”

“का?”

“तुला माहीत आहे.”

म्हातारीने आणखी थोडे शेण चुलीत सरकवले.

“माझा भाऊ हसत हसत आत आला होता,” शान्यू म्हणाला. “स्वच्छ चेहऱ्यानं. बाहीत सुरा होता. तेव्हापासून मी ठरवलं. चेहरा बघायचाच नाही.”

“आणि आज कोण आलंय?”

“केरूल आलाय.”

केरूल त्याचा मुलगा. तह टिकावा म्हणून दक्षिणेच्या सम्राटाकडे ओलीस ठेवलेला. गेला तेव्हा त्याचा समोरचा दात हलत होता. निरोपाच्या वेळी सगळे गंभीर उभे होते आणि तो जिभेने दात हलवून बघत होता. आता इतक्या वर्षांनी तो तिकडच्या दूतांबरोबर आला होता. त्याच्या वयाची आणखी चार मुले बरोबर होती, एकाच शाळेत शिकलेली.

सकाळी दूतांचा म्हातारा दुभाषा राजतंबूच्या दाराशी आला. मुलाचा निरोप त्याने वाकून सांगितला.

“केरूल म्हणतात, मी तोंड काळं करणार नाही. वडिलांना मला बघायचं असेल, तर ते बघतील. नाहीतर संध्याकाळी आम्ही निघतो.”

शान्यूने यावर उत्तर दिले नव्हते. तो सरळ इथे आला होता, छावणीच्या टोकाला, टेकडीवरच्या या छोट्या तंबूत.

“त्याच्यासाठी नियम मोडला, तर माझे सरदार हसतील,” तो म्हणाला. “आणि नाही मोडला, तर तो जाईल. पुन्हा येणार नाही. काय करू?”

“आत येणाऱ्यानं काजळी लावायची. बाहेर जाणाऱ्यासाठी नियम आहे का?”

“नाही.”

“मग बाहेर जा. त्याच्याकडे जा.”

“शान्यू कोणाकडे जात नाही. लोक शान्यूकडे येतात.”

“बरं.”

म्हातारीने हंडा चुलीवरून उतरवला. बाहेर एक मेंढी ओरडत होती.

“हे खरं कारण नाहीये,” ती म्हणाली.

शान्यूने मान खाली घातली.

“नाहीये,” तो म्हणाला. “मी सकाळी तंबूच्या फटीतून बघितलं, माय. ते खाली घोड्यांना पाणी पाजत होते. पाच मुलं. पाचही जणांचे अंगरखे निळे. पाचही जणांचे केस तिकडच्यासारखे वर बांधलेले. आणि मी…”

“हं.”

“मला कळलंच नाही, त्यातला कोणता.”

म्हातारीने हंडा खाली ठेवला.

“मी गेलो आणि भलत्यालाच जवळ घेतलं तर? सगळ्यांसमोर? त्यापेक्षा तो काजळी लावून आत येऊ दे. भालदार नाव पुकारेल. काळ्या तोंडाचा मुलगा समोर उभा राहील, आणि मी म्हणेन, ये केरूल. ओळखलं नाही, तरी दोष काजळीचा.”

“दुभाष्याला विचार. तो दाखवील.”

“परक्याला विचारू? माझा मुलगा कोणता ते?”

म्हातारी हसली. तिला दात फारसे नव्हते, त्यामुळे हसताना ती लहान मुलीसारखी दिसे.

“इकडे सरक,” ती म्हणाली.

तो सरकला. तिने शेजारच्या पालथ्या, थंड हंड्याच्या बुडावर तळहात घासला आणि काही कळायच्या आत त्याच्या तोंडावर फिरवला. कपाळ, गाल, नाक, हनुवटी.

“माय!”

“हलू नकोस. कानामागं राहिलंय.”

“मी शान्यू आहे!”

“म्हणूनच दोनदा लावतेय. तो सोन्याचा पट्टा काढ. माझा कातडी कोट घाल. त्याला वास येतो, पण तू तक्रार करायची नाहीस.”

“हे कशासाठी?”

“शान्यू म्हणून गेलास, तर पाचही जण जमिनीवर वाकतील. तुला पाच पाठी दिसतील. पाठ बघून ओळखणार आहेस का?”

त्याने पट्टा काढला आणि तिचा कोट अंगात चढवला.

तो टेकडी उतरला. छावणीत काळ्या तोंडाच्या माणसाकडे कोणी वळून पाहत नसे. राजतंबूतून परतणारे सगळेच तसे दिसत.

पहारेकरी भाल्यावर रेलून उभा होता. त्याने हटकले.

“काय रे, डोकं शाबूत घेऊन आलास! आज स्वारी कशी आहे?”

“बरी आहे,” शान्यू कसाबसा म्हणाला.

“कसली बरी? पोरगा तिकडं बसलाय, हा इकडं बसलाय. अन् निरोप पोचवून पोचवून त्या दुभाष्याचे पाय दुखायला लागलेत.” पहारेकऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. “जा, तोंड धू. सांगू नको हं कोणाला मी बोललो म्हणून.”

त्याच्या पाठीवर याआधी अशी थाप कोणी मारली होती, ते त्याला आठवेना.

मेंढवाड्यापाशी सरदार दाबाग उकिडवा बसला होता. दाबाग म्हणजे त्याचा सगळ्यात जुना सरदार. दरबारात तो काळ्या तोंडाने दगडासारखा बसे. इथे त्याच्यासमोर एक मेंढी उभी होती आणि ती एका पोरक्या कोकराला लाथा मारत होती. अशा वेळी श्योंग्नू लोक मेंढीला गाणे म्हणून दाखवतात. मेंढी ऐकते, मऊ होते आणि परके कोकरूही जवळ घेते.

दाबाग गात होता. आवाज अगदी बेसूर होता. डोळे मिटलेले होते आणि धुतलेल्या गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या. शान्यू थोडा वेळ उभा राहिला. दाबाग इतका म्हातारा कधी झाला?

“काय बघतोस?” दाबाग डोळे उघडून म्हणाला. “गाता येत असेल तर बस. नाहीतर पुढं हो, तिला बुजवू नकोस.”

शान्यू पुढे झाला.

दूतांच्या तंबूंपाशी पाचही मुले होती. एक घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढत होता. एक उभ्या उभ्या खात होता. दोघे एकमेकांच्या अंगावर गवत टाकून हसत होते. पाचवा खोगिराच्या वाद्या आवळत होता. सगळे दक्षिणेच्या भाषेत बोलत होते.

शान्यू दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला. त्याच्या मनात एक युक्ती होती. श्योंग्नू माणूस दूध पिण्याआधी बोट बुडवून एक थेंब आभाळाकडे उडवतो. तान्हे मूलही आईचे बघून तसे करते. ते अंगात इतके मुरलेले असते, की कोणतीही शाळा ते विसरायला लावू शकत नाही.

दुभाष्याने घोडीच्या दुधाचे वाडगे आणून दिले. खडा काढणाऱ्याने वाडगा घेतला, बोट बुडवले आणि थेंब आभाळाकडे उडवला.

शान्यूने एक पाऊल पुढे टाकले.

मग खाणाऱ्यानेही थेंब उडवला. मग हसणाऱ्या दोघांनी. त्यातल्या एकाने चुकून दुसऱ्याच्या डोळ्यात उडवला. मग वाद्या आवळणाऱ्यानेही.

पाहुण्यांनी यजमानांची रीत पाळावी, म्हणून कोणीतरी सगळ्यांना ती शिकवली होती. कोणी शिकवली असेल, हे त्याला कळले. पण पाचांतला तो कोणता, हे कळले नाही.

एवढ्यात एका मुलाचे लक्ष त्याच्याकडे गेले. तो मुलगा काहीतरी म्हणाला आणि दुसरा हसला. मग त्या मुलाने आपला अर्धा उरलेला वाडगा आणून त्याच्या हातात दिला. मान झुकवली नाही, नजरही टाळली नाही. वाटेतल्या कुठल्याही थकलेल्या माणसाला द्यावा तसा दिला आणि परत वाद्यांकडे गेला.

शान्यूने बोलायला तोंड उघडले. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी भालदारच बोलले होते. त्याला पहिला शब्दच सुचेना.

तो दूध प्यायला. वाडगा गाडीवर ठेवला. परत फिरला.

टेकडीवर पोचला तेव्हा ऊन तांबूस झाले होते. म्हातारी तंबूबाहेर बसून लोकर पिंजत होती.

“बघितलास?”

“बघितले. पाचही बघितले.”

“मग?”

“एकानं दूध दिलं. एक हसला. जो हसला, त्याचे कान माझ्या वडिलांसारखे आहेत. ज्यानं दूध दिलं, त्याचे हात… मला वाटलं… पण मला माहीत नाही, माय. मला खरंच माहीत नाही.”

म्हातारीने लोकर बाजूला ठेवली.

खाली दूतांचे तंबू उतरत होते. गाड्या जुंपल्या गेल्या. मग घोडे हलले. पुढे दुभाषा, मागे गाड्या आणि सगळ्यात मागे पाच निळे ठिपके. गवतातून जाताना ते कधी दिसत, कधी बुडत.

“चालले,” शान्यू म्हणाला.

“हो.”

“आता मी कोणालाही पाठवलं, तरी तो येणार नाही.”

“नाही येणार.”

दोघे बघत राहिले.

“त्याचं नाव कोणी ठेवलं होतं?” म्हातारीने विचारले.

“मी.”

“मग हाक मार.”

शान्यूने तिच्याकडे पाहिले.

“हाक माझा भालदार मारतो…”

“भालदारानं नव्हतं ठेवलं नाव.”

वारा टेकडीवरून खाली वाहत होता, त्या घोड्यांच्या दिशेने. वारा कुठे जातो, हे त्याला तिनेच शिकवले होते.

त्याने हाक मारली. “केरूल…”

आवाज इतका लहान आला, की जवळच्या मेंढ्यांनीही माना उचलल्या नाहीत.



त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले. छाती भरून घेतली. काजळी आणि घाम डोळ्यांत उतरत होता.

“केरूऽऽल!”

खाली पहारेकरी दचकला. मेंढवाड्यात दाबागचे गाणे थांबले. छावणीतल्या माणसांनी तंबूंमधून डोकी बाहेर काढली. टेकडीवर कोण ओरडतोय, ते त्यांना कळेना. शान्यूचा असा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

“केरूऽऽल! केरूऽऽल!”

दूर गवतात चार निळे ठिपके तसेच पुढे गेले.

एक थांबला.

शान्यूचे हात खाली आले. त्या स्वाराने घोडा वळवला आणि तो टेकडीकडे तोंड करून उभा राहिला. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. दूध देणारा होता की हसणारा होता, काहीच दिसत नव्हते. नुसता एक निळा ठिपका, आणि सभोवार गवत.

गाड्या पुढे जात राहिल्या. तो स्वार पुढेही जाईना, मागेही येईना.

शान्यू वाट बघत राहिला. खाली सगळी छावणी उभी होती आणि एकाही माणसाला काय करावे ते कळत नव्हते. ऊन आणखी खाली गेले.

“माय,” शेवटी तो हळूच म्हणाला, “तो येईल का?”

म्हातारीने लोकर पुन्हा हातात घेतली.

“घोडा तुझ्याकडेही आहे,” ती म्हणाली.