उघड्या दाराच्या वशाची कहाणी

ऐका चूलमाई, तुमची कहाणी. हातात अक्षता घ्या गं सगळ्यांनी, आणि मागच्या ओळीत कुजबूज नको. ही कहाणी मला सांगायला फार आवडते, मध्येच थांबवलंत तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

आटपाट नगर म्हणा, तिथं एक कोष्टीआळी म्हणा. आळीत म्हाळू कोष्टी राहत होता. घरात म्हातारी आई, बायको सगुणा, आणि पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग. म्हाळूनं माग चालवावा, सगुणेनं सुताच्या कांड्या भराव्या, भाकरी थापावी. आळीचा रिवाज असा, की बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय घालू नये, बाप्यानं चुलीपुढं बसू नये. का, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

एके दिवशी राजाचा हुकूम आला. राजकन्येचं लग्न आहे, शालू हवा. वेळेत झाला तर विणणाऱ्याला मानाचं पागोटं. नाही झाला तर माग उचलून नेऊ. म्हाळू कामाला लागला. शालूचं अंग विणून झालं, पदर तेवढा राहिला. मग श्रावण लागला, घर गळू लागलं. म्हाळू कौलं सारखी करायला वर चढला, घसरला, पाय मोडला. वैद्यानं फळ्या बांधल्या. मागाच्या पावड्या तर पायानं दाबायच्या. माग थांबला.

सगुणा विहिरीवर गेली, काठावर बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. कपाळभर कुंकू, हाताला चुलीची राख. "मुली मुली, का रडतेस?" "काय सांगू आजी? माग जाईल, तिघं उपाशी मरू." "तुला विणता येत नाही?" "बघून बघून येतं, पण बसायचं नाही."

म्हातारी हसली. म्हणाली, "तर मग चूलमाईचा वसा घे." "तो कसा घ्यावा?" "श्रावणातल्या गुरुवारी घ्यावा. नवऱ्यानं चुलीपुढं बसावं, बायकोनं मागावर. काम पुरं होईस्तोवर चालवावं. दार सताड उघडं ठेवावं, विचारील त्याला खरं सांगावं. उतू नको, मातू नको, घेतला वसा झाकू नको."

सगुणा धावत घरी आली, वसा सांगितला. सासू कडाडली, "बाई मागावर आणि बाप्या चुलीवर? उद्या कोंबडी आरवायची आणि कोंबडा अंडी घालायचा. आमच्या वेळी असं नव्हतं." सगुणा म्हणाली, "सासूबाई, तुमच्या वेळी माग जात नव्हता." सासू कोपऱ्यात जाऊन बसली. म्हाळू म्हणाला, "बस तू. मी भाकरी थापतो. पण दार लावून घे. आळी हसेल."

इथंच चुकलं बघा. वसा घेतला आणि दार लावलं.

पहिल्या दिवशी शेजारी आला. दाराबाहेरून म्हणाला, "म्हाळू, मोडक्या पायानं विणतोस?" म्हाळूचे हात पिठात. म्हणाला, "हो, मीच विणतो." तोच भाकरी करपली, मागावर तीस धागे तुटले. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला. "म्हाळू, करपल्याचा वास कसला? चुलीवर कोण?" म्हाळू म्हणाला, "आई आहे." तोच भात कच्चा राहिला, साठ धागे तुटले. सगुणा अंधारात चाचपत धागे सांधायची, पदर बोटभर पुढं सरकेना.

तिसऱ्या दिवशी राजाचा प्यादा आला. सगळी आळी मागं गोळा झाली. प्याद्यानं दार ठोठावलं. "पाच दिवस उरले. शालू कोण विणतं ते दाखव, नाहीतर माग आत्ता उचलतो."

म्हाळू पिठाचे हात घेऊन दाराकडं बघत बसला. मग कोपऱ्यातून सासू उठली, मुलाजवळ जाऊन बसली. हळूच म्हणाली, "तुझ्या बापाचा मोराचा पदर आठवतो? ज्याला सात गावांत नाव मिळालं?" "आठवतो." "तो मी विणला. त्यांना ताप होता, मी असंच दार लावून घेतलं होतं. चाळीस वर्षं लोक त्यांचे हात वाखाणतात, आणि मी ऐकते. बाळा, दार उघड."

मग काय? म्हाळू फरफटत दारापाशी गेला. पिठाच्या हातानं कडी काढली. दार सताड उघडलं. म्हणाला, "शालू माझी बायको विणते. भाकरी मी थापतो. परवाची मीच करपवली."

आळी हसली. हसू द्या. दारातून उजेड आत आला, मागावर पडला, धागा न् धागा दिसू लागला. धोटा धाग्यांतून असा धावला, असा धावला, की प्यादा भिंतीला टेकून बघतच राहिला. चुलीवर भाकरी टम्म फुगली. पहिली भाकरी म्हाळूनं सगुणेला वाढली, दुसरी आईला, तिसरी प्याद्याला. उरलेल्या पाचांतल्या चौथ्या दिवशी पदर मागावरून उतरला.

राजकन्या शालू नेसून आली, सभा उठून उभी राहिली. राजानं पागोटं मागवलं. ते होतं पुरुषी डोक्याच्या मापाचं, समोर उभी सगुणा, तिच्यामागं सासू. कारभारी गोंधळला. म्हणाला, "बाईला पागोटं कसं बांधावं?" सगुणा म्हणाली, "महाराज, माझा मान मला पोचला. पागोटं आमच्या सासूबाईंना बांधा. त्यांचं चाळीस वर्षं राहिलंय."

मग राजानं स्वतःच्या हातानं म्हाताऱ्या सासूला पागोटं बांधलं. म्हातारी रडली. मग ते पागोटं मिरवत आळीतनं चालली, आणि घराघराची दारं उघडली. एका दारात एक बाप्या उभा होता, हात कोपरापर्यंत पिठात. ते बघून म्हातारी रडता रडता हसली.

चूलमाई, जशी सगुणेला पावलीस तशी आम्हाला पाव. आमची कामं उजेडात होवोत, ज्याचं त्याला नाव मिळो. साठा उत्तरांची ही कहाणी, दोघांच्या चार हातांनी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. अक्षता वाहा, आणि उठू नका. आज पानं पुरुषांनी वाढलीत.