बातमीची भाकरी

लई जुन्या काळी, म्हणजे किती जुन्या ते मला विचारू नका, एका खिंडीच्या दोन बाजूंना दोन गावं होती. वरच्या गावात झरा होता. त्याचं पाणी पाटानं खालच्या गावाला जाई. वरच्या गावावर एका राजाचा अंमल, खालच्यावर दुसऱ्याचा. पण पोरी इकडून तिकडे, तिकडून इकडे द्यायची रीत होती. राजांचं ते राजे बघून घेतील, असं लोक म्हणत.

मग राजांनी लढाई काढली. राजांना दुसरं काम काय असतं?

वरच्या गावाचा दवंडीवाला सुभाना. त्यानं रोज टेकाडावर जायचं, लढाई बघायची आणि चावडीपुढं हलगी वाजवून सांगायचं. त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल, त्या घरानं त्याला भाकरी द्यायची. हिला बातमीची भाकरी म्हणत.

पहिल्या दिवशी सुभानानं सांगितलं, "आपले सात पडले, त्यांचे नऊ. जखमी दोन्हीकडचे पाणी पाणी करत होते."

लोक खवळले. "त्यांचं रडगाणं गायला पाठवलाय काय रं तुला?" भाकरी मिळाली ती शिळी, वर मिरचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपले पडलेले गाळले. भाकरीवर ठेचा आला. तिसऱ्या दिवशी त्यांचे नव्वद पाडले. भाकरीवर तूप आलं. माणूस काही दगड नसतो, त्याला तूप कळतं.

गावाला मात्र चैन पडेना. आधी लोक दिवसातून एकदा चावडीवर यायचे, आता तीनदा येऊ लागले. हातातली खुरपी टाकून, चुलीवरचं कालवण तसंच सोडून. "आज काय? पुढं काय?" ऐकलं तरी जीव थाऱ्यावर नाही, न ऐकलं तरी नाही. रोज कालच्यापेक्षा तिखट हवं.

एके दिवशी सुभानाकडं सांगायला काही नव्हतं. तो म्हणाला, "खालच्या गावात घराघरांत शिपाई लपलेत. डोक्यावर पितळी टोप!"

झालं. गाव उठलं आणि पाट दगडमातीनं बुजवून आलं.

तान्हूबाईची लेक खालच्या गावात दिलेली होती. महिन्याभराची ओली बाळंतीण. तान्हूबाई सुभानाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सुभाना, तू डोळ्यानं टोप बघितलेस?"

सुभाना खाली बघत म्हणाला, "न्हाई मावशी. बायका बघितल्या. पाटावर घागरी भरत होत्या."

"मग टोप कुठनं आणलेस?"

"लोकांना हवे होते."

"मेल्या, माझी पोर पाण्यावाचून मरंल! जा, आत्ता जाऊन खरं सांग."

सुभाना गेला. हलगी वाजवली. "गाववाल्यांनो, तिथं शिपाई न्हाईत! पाट उघडा!"

लोक हसले. एक जण म्हणाला, "ह्याला त्यांनी फोडला बघा!" दुसऱ्यानं हलगी हिसकली. त्या दिवशी सुभानाला भाकरी मिळाली नाही.

पाट बुजवल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी खिंडीतून माणसांची रांग वर येताना दिसली. डोक्यांवर काहीतरी उन्हात चमकत होतं.

"टोप! आले रं आले!"

पाखरं राखून राखून त्या गावाचा गोफणीवर हात पक्का बसलेला. शेतांतल्या राखणीच्या माळ्यांवरून दगड सुटले. तान्हूबाई ओरडत होती, "थांबा रं मुडद्यांनो, नीट बघा तरी!" ओरडत होती आणि खाली धावत होती.

मग उतारावरून घागरी गडगडत गेल्याचा आवाज आला. रिकाम्या. सगळ्यांनी ऐकला. गोफणी थांबल्या.

पाणी मागायला आलेल्या बायका होत्या. सहा जणी पडल्या. त्यांत तान्हूबाईची लेक. बाळ पाठीशी बांधलेलं होतं, ते तेवढं जिवंत होतं.

कोणीतरी पुटपुटलं, "आम्हाला काय ठाव? सुभाना म्हणाला होता..."

तान्हूबाईनं मान वर केली. "त्यानं खरं सांगितलं तवा भाकरी कुणी अडवली रं?"

एकेकानं आपली गोफण तिथंच टाकली.

तिनं नातवाला उचललं आणि उरलेल्या बायकांबरोबर खिंड उतरून गेली. गावानं त्याच दुपारी पाट उघडला. पाणी खाली पोचलं, पण प्यायला कोणी नव्हतं. खालचं गाव चंबूगबाळं उचलून चालतं झालं होतं, आणि तान्हूबाई त्यांच्याबरोबर गेली होती. ती पुन्हा वर आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: लढाईची बातमी जे आपल्या आवडीची मागतात, ते एक दिवस आपल्याच लेकीवर दगड उचलतात.