सहासष्टातले दोन मार्क

“...आणि हात कमरेमागे जातो का त्यांचा?”

“कमरेमागे? नाही जात,” मी म्हटलं. “पण मॅडम, तो दोनच मार्कांचा आयटम आहे. हाताच्या टेस्टच्या सहासष्टातले दोन.”

टेंबे मॅडम पोह्यांसाठी कांदा चिरत राहिल्या.

थांबा, आधी थोडं सांगतो, नाहीतर लिंक लागायची नाही.

टेंबे मॅडम म्हणजे डॉ. मृणालिनी टेंबे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा हात परत हलता कसा करायचा, यावर त्यांनी पुण्यात अठ्ठावीस वर्षं काम केलं. डोक्यावर इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल धरायची, चुंबकाचे ठोके द्यायचे, टक टक टक, आणि मेंदूचा जो भाग गप्प पडलाय त्याला जागं करायचं. मशीन त्यांनी आणलं. पेपर त्यांनी लिहिले. मला कॉइल धरायला त्यांनीच शिकवलं. आणि गेल्या वर्षी, रिटायर व्हायला चार वर्षं असताना, राजीनामा देऊन वाईला आपल्या घरी निघून आल्या. इथे पडवीत रोज आठ-दहा पेशंट येतात, मॅडम त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. मशीन नाही, काही नाही.

का गेल्या, ते कोणालाच सांगितलं नाही. आम्ही लॅबवाले म्हणायचो, थकल्या असतील.

रविवार होता, पेशंट नव्हते. मी स्वारगेटहून सहाची एसटी पकडून आलो होतो, ते फक्त एका फोनसाठी.

माझा चोवीस पेशंटचा अभ्यास. तेवीस जणांचं सहा महिन्यांचं शेवटचं मोजमाप झालं. चोविसावे तोडकर काका. ते येत नाहीत आणि फोनही उचलत नाहीत. आणि नेमके तेच माझे हिरो. डावा हात लुळा पडला होता त्यांचा. वीस सिटिंगमध्ये मार्क एकोणतीसवरून एकावन्नवर. एकावन्न. असं कोणाचंच झालं नव्हतं. ते नसतील तर माझा रिझल्ट उभाच राहत नाही.

मॅडमचा शब्द काका मोडणार नाहीत, कारण अ‍ॅडमिट झाले तेव्हा मॅडमनीच त्यांना पहिल्यांदा तपासलं होतं.

“भारी माणूस आहे, मॅडम. एसटीत कंडक्टर होते ना, टेस्टच्या वेळी स्वतःच्या बोटांना सांगायचे, चला, पुढे सरका, आत जागा आहे. आख्खी लॅब हसायची.”

मॅडम हसल्या नाहीत.

“घरी कोण असतं?”

“मुलगा आणि सून. काकू मागेच गेल्या. मुलगा कंपनीत, बारा-बारा तास बाहेर. पण सून फार करते त्यांचं. एकही सिटिंग चुकवलं नाही तिने. म्हणजे सगळं करते ती.”

मॅडमची सुरी थांबली.

“सगळं...”

“हो ना. म्हणून तर म्हणतो, अडचण काहीच नाहीये. तुम्ही नुसता एक फोन टाका. तुमच्यासाठी काय, डाव्या हातचा मळ.”

“कुठल्या हातचा म्हणालास?”



मॅडमनी हात पुसले. आतून पेशंटचं बँडेज आणलं, ते लांब ताणायचं असतं ना, तसलं. माझा डावा हात छातीशी दुमडला आणि करकचून बांधून टाकला.

“मॅडम, हे काय?”

त्यांनी माझ्या उजव्या हातात पाण्याने भरलेलं टमरेल दिलं आणि हनुवटीने परसातल्या संडासाकडे दाखवलं.

“जा.”

“अहो, पण मला लागली नाहीये.”

“तीन तास झाले घरातून निघून. दोन चहा झालेत. लागेल.”

“मॅडम, सिरियसली?”

“तिथे जेट-बिट नाही. सावकाश ये.”

...

आतलं काही लिहीत नाही. एवढंच सांगतो की जन्मभर जे काम डाव्या हाताने केलं, ते उजव्याने करायला लागलो आणि मला आईची आठवण आली. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की पटकन फटका मारायची ती. हा खायचा हात, तो धुवायचा. बस. या देशात एवढं तर शेंबड्या पोराला पण कळतं.

बाहेर आलो. नळ होता, साबण होता. पण एक हात एकट्याने धुता येत नाही, हे मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. साबण हातात धरला की धुणार कोण? शेवटी वडी धुण्याच्या दगडावर ठेवली आणि हात तिच्यावर घासला. तीनदा. तरी काहीतरी राहिलंय असं वाटतच होतं.

पडवीत आलो तर पोह्यांची बशी तयार. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. गरम वाफ येत होती.

“खा.”

“बँडेज सोडा ना आता.”

“खा की. उजवा मोकळा आहे.”

“चमचा...?”

“आमच्याकडे पोहे हातानेच खातात.”

मी बसलो. हात बशीपर्यंत नेला, परत मांडीवर ठेवला. पुन्हा नेला. मॅडम समोर बसून आपले पोहे खात होत्या, जसं काही मी तिथे नव्हतोच.

“भूक नाही?”

“आहे. प्रचंड आहे.”

“मग?”

मी बशी थोडी लांब सरकवली.

“बरं, हे नको खाऊस. पण उद्या सकाळी पुन्हा हेच आहे. परवा पण. हात असाच बांधलेला. तू एकट्याने जमव, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी बोलव धुवायला. काय करशील?”

“कोणाला बोलवणार असल्या कामाला?”

“वहिनी आहे ना तुला?”

“मॅडम, प्लीज.”

“मग काय करशील?”

मी पटकन बोलून गेलो. मी नेहमी पटकनच बोलतो.

“कमी खाईन.”

...

मॅडमनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मॅडमना रिझल्ट दाखवायला आणलेला माझा लॅपटॉप शेजारीच उघडा होता. मी एका हाताने तोडकर काकांची शीट काढली. वजनाचा कॉलम असतो, प्रत्येक भेटीला भरतो आपण, नियम आहे म्हणून. पहिल्या भेटीला एकाहत्तर. मग एकोणसत्तर. मग पासष्ट. शेवटच्या भेटीला साडेएकसष्ट.

हे आकडे मीच भरले होते. माझ्या हाताने. बाजूच्या कॉलममध्ये हाताचे मार्क वर चढत होते आणि मी तेवढंच बघत होतो.

आणि तेवढंच नाही. शेवटच्या भेटीला काकांनी पँट सुतळीने बांधली होती. ती बघून मी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती.

“काय म्हणालास तू त्यांना?” मॅडमनी विचारलं. मी काही सांगितलं नव्हतं, स्क्रीनवरचे आकडे आणि माझं तोंड बघूनच विचारलं असेल.

“म्हटलं... वा काका, एकदम फिट. असंच चालू ठेवा.”

“आणि ते?”

“हसले.”

परसात कोणाचं तरी मांजर भिंतीवरून चालत गेलं. मी त्याच्याकडेच बघत बसलो.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं. “नुसतं कमरेमागे हात जात नाही म्हटलं, आणि...”

“पेशंट नंबर अकरा,” मॅडम म्हणाल्या.

पेशंट नंबर अकरा कोणाला माहीत नाही? मॅडमच्या सगळ्यात गाजलेल्या पेपरमधला तो ग्राफ. सरळ वर चढत जाणारी रेघ. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड तीच होती. आजही आहे.

“त्यांचं नाव गणपतराव इनामके. घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचाही डावाच हात गेला होता. त्या रेघेवरचा शेवटचा ठिपका आठवतो?”

“छप्पन्न. सहासष्टपैकी छप्पन्न.”

“त्या ठिपक्यानंतर एकविसाव्या दिवशी ते गेले. मी भेटायला गेले घरी. मला वाटलं, दुसरा अ‍ॅटॅक आला असेल. सून म्हणाली, नाही हो, बाबा जेवायचेच नाहीत. अर्धी भाकरी, तीही हे घरी असले तरच. म्हणायचे, पोरी, तुला नको आता ते करायला. मग अशक्तपणा आला, मग ताप आला आणि त्यात गेले.”

“मग ते तुम्ही पेपरमध्ये...?”

“कुठल्या कॉलममध्ये लिहू?”

मी शीटचे कॉलम नुसतेच मागेपुढे सरकवले.

“मोजमाप चोख होतं, निहार. त्यात एका मार्काची चूक नव्हती. ग्लास उचलायचे, किल्ली फिरवायचे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचे. परदेशातल्या लोकांनी केलेली टेस्ट, चांगली टेस्ट आहे. त्यांच्याकडे कागद असतो. कुठल्याही हाताने चालतं. त्यांनी कमरेमागे हात नेण्याला दोन मार्क दिले, आपण पण दोनच दिले.”

“म्हणून सोडलंत तुम्ही?”

“नाही. त्यानंतर सहा वर्षं तोच ग्राफ दाखवत होते. टाळ्या घेत होते.” मॅडमनी आपली बशी बाजूला सारली. “मग एकदा टाळ्या वाजत असताना त्यांचा चेहरा आठवायला गेले, तर आठवेना. रेघच आठवली.”

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मला शांतता झेपत नाही, हा माझा प्रॉब्लेम आहे.

“पण मॅडम, हे किती सोपं आहे. म्हणजे मशीन वगैरे सोडाच. संडासात एक जेट बसवायचं, भिंतीला एक दांडा लावायचा. उजव्या हाताने मागून कसं जमवायचं ते कोणीतरी आठ दिवस शिकवायचं. त्यांच्याकडे जेट असेलसुद्धा.”

“तू पाहिलंस?”

“...नाही.”

“घरी गेलास कधी?”

“नाही.”

“मी पण नव्हते गेले. ते गेल्यावर गेले.” मॅडम उठल्या आणि माझ्या पाठीमागे येऊन बँडेजची गाठ सोडायला लागल्या. “एका दुपारचं काम होतं. प्लंबर बोलवायचा, बस. मी चुंबक लावत बसले.”

हात सुटला. मुंग्या आल्या होत्या. मी दोन्ही हात एकमेकांवर घासून धुतले, बराच वेळ. तेवढंसुद्धा किती भारी वाटतं, काय सांगू.

परत आलो तोपर्यंत पोहे थंड झाले होते. मॅडमनी आपला फोन माझ्यासमोर ठेवला होता. त्यात शीटवरचा तोडकर काकांच्या मुलाचा नंबर उघडून.

“मुलगा आज घरी असेल, रविवार आहे. तो उचलेल. माझ्या फोनवरून कर.”

ज्या फोनसाठी मी आलो होतो तो हाच. आणि आता मला तो लावता येईना. शेवटच्या मोजमापाला या म्हणू? सॉरी म्हणू? वजनाचं काढू? आणि हे कसं विचारू एका साठीतल्या माणसाला, की काका, तुमची ती अडचण... मुलगा शेजारी असणार, सून तिथेच कुठेतरी असणार. ऐकलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल.

शेवटी बटण दाबलं. रिंग जायला लागली. मी फोन कानापासून लांब धरला.

“मॅडम, तुम्ही बोला ना. मला नाही जमणार.”

त्यांनी मान हलवली.

“मग निदान सांगा तरी. काय विचारू मी?”

पलीकडे कोणीतरी फोन उचलला. मुलाचा आवाज आला, मग लांबून काकांचा. कोण आहे रे, मॅडम का?

टेंबे मॅडमनी माझी बशी उचलली आणि पोहे परत गरम करायला आत निघाल्या. दारातून मागे न बघता म्हणाल्या,

“विचार, जेवलात का.”